डॉक विंडोजमध्ये चालतो, उबुंटूत मॉनिटर काळे. ही सिक्युअर बूटची भानगड आहे का?

दोनपडदे | शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी, दोन दिवस डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ दोन्ही आहेत. नवा यूएसबी-सी डॉक घेतला, त्याला दोन एचडीएमआय मॉनिटर जोडले. विंडोजमध्ये लावल्याबरोबर दोन्ही सुरू. उबुंटूत दोन्ही काळे ठिक्कर. गंमत म्हणजे त्याच डॉकवरून चार्जिंग होतंय, कीबोर्ड-माउस चालतायत, नेटची केबलसुद्धा चालतेय. फक्त चित्र तेवढं नाही.

केबल बदलल्या, मॉनिटर अदलाबदल केले. शेवटी डिस्प्लेलिंकचा (डॉकमधल्या चिपचा) ड्रायव्हर लागतो असं कळलं, तो टाकला. टाकताना काही एरर आली नाही. मध्येच एक जांभळी खिडकी आली, तिने कसला तरी पासवर्ड दोनदा मागितला. दिला. रीस्टार्ट केलं. परिस्थिती जैसे थे.

डॉक परत करू का? खोकं अजून ठेवलंय.

कुंपणावरचा | शनिवार, सकाळी ९:४०

डॉक परत बिरत काही करू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जा, सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेल्या कोडला अडवणारं कुलूप, बंद करा, काम तमाम. मी तीन वर्षं बंदच ठेवलंय, आभाळ कोसळलेलं नाही.

दोनपडदे | शनिवार, सकाळी १०:०५

कुंपणावरचे, साष्टांग नमस्कार! बंद केलं आणि दोन्ही मॉनिटर लख्ख. दोन दिवस उगाच घालवले. धागा बंद समजावा.

निळीशाई | शनिवार, सकाळी १०:३१

दोनपडदे, एक विचारते. विंडोज उघडून बघितलंत का?

दोनपडदे | शनिवार, दुपारी १२:१८

धागा उघडा समजावा.

आत्ता विंडोज लावायला गेलो तर निळी स्क्रीन आली आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागतेय. मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं हो! सगळी कामाची कागदपत्रं त्यात आहेत. हे काय नवीन?

निळीशाई | शनिवार, दुपारी १२:२६

हीच भीती होती. घाबरू नका, आणि कृपा करून काहीही फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये परत जा, सिक्युअर बूट होतं तसं चालू करा, मग विंडोज लावा. की न मागता उघडायला हवं.

दोनपडदे | शनिवार, दुपारी १२:४९

उघडलं. हुश्श. घाम फुटला होता.

पण मॉनिटर परत काळे. म्हणजे विंडोज हवं तर मॉनिटर नाहीत, मॉनिटर हवेत तर विंडोज नाही. असा कसा हा न्याय?

कुंपणावरचा | शनिवार, दुपारी १:०२

माफी असावी. माझ्याकडे नुसतं लिनक्स आहे, त्यामुळे हा प्रकार माझ्या गावीच नव्हता. कान पकडतो.

जुनं खोड | शनिवार, दुपारी ३:३०

आत्ता धागा पाहिला. जरा सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगवेगळी कुलपं एकमेकांत अडकली आहेत.

आधी बिटलॉकरचं. हल्ली बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, तुम्हाला विचारत बसत नाही. डिस्कची चावी टीपीएम नावाच्या, चाव्या जपणाऱ्या चिपमध्ये असते. ती चिप चावी सोडताना एकच गोष्ट पाहते: मशीन सुरू होतानाची स्थिती चावी ठेवली तेव्हा होती तशीच आहे का? त्या स्थितीत सिक्युअर बूट चालू की बंद हेही मोजलेलं असतं. तुम्ही ते बंद केलंत, मोजमाप जुळलं नाही, चिपने चावी दिली नाही. परत चालू केलंत, जुळलं. बिघडलं काहीच नव्हतं. तरी आज आधी एक काम करा: मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. हसू नका, ठेवणारे पाहिलेत.

आता मॉनिटर. लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआयला मॉनिटर लावला की चित्र थेट ग्राफिक्स चिपमधून जातं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बऱ्याच यूएसबी-सी डॉकमध्येही तसंच असतं, त्यांना आल्ट मोडवाले म्हणतात. तुमच्या डॉकची जात निराळी. त्यात चित्र साध्या यूएसबी डेटासारखं जातं. त्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ईव्हीडीआय नावाचं एक मॉड्यूल, म्हणजे गाभ्याला जोडलेला तुकडा, खोटा मॉनिटर उभा करतं. डेस्कटॉप त्या खोट्या मॉनिटरवर चित्र काढतो, एक प्रोग्राम ते चित्र उचलतो, दाबून लहान करतो आणि यूएसबीवरून डॉकला धाडतो. डॉकमधली चिप ते उलगडून खऱ्या मॉनिटरवर दाखवते.

म्हणूनच तुमचा कीबोर्ड आणि नेट चालतं, चित्र तेवढं नाही. बाकी सगळ्याचे ड्रायव्हर कर्नलसोबत येतात आणि त्यांवर उबुंटूची सही असते. ईव्हीडीआय मात्र डीकेएमएस नावाचं साधन तुमच्याच मशीनवर बनवतं. त्यावर सही कोणाची? तुमच्या मशीनने स्वतःपुरत्या केलेल्या चावीची. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल म्हणतो, ही चावी कोणाची ते मला माहीत नाही, मॉड्यूल आत घेणार नाही.

ती जांभळी खिडकी ह्याचसाठी होती. ओळख करून द्यायची पद्धत होती ती. अर्धी तुम्ही केलीत, अर्धी राहिली. पुढचं लिहितो, पण आधी माझा अंदाज बरोबर आहे का ते पाहू. टर्मिनलात हे चालवा (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच रोमनमध्ये टंका):

सुडो मॉडप्रोब ईव्हीडीआय

डीकेएमएस स्टेटस

मोकयुटिल --एसबी-स्टेट

आणि एलएसयूएसबीच्या यादीत १७ई९ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो का तेही सांगा. तो डिस्प्लेलिंकचा क्रमांक आहे. तो नसेल तर मी वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी फुकट.

निळीशाई | शनिवार, दुपारी ३:४४

वाखुसा (वाचनखूण साठवली). खोडकाका, असं कोणी आधी सांगितलं असतं तर माझाही एक रविवार वाचला असता.

दोनपडदे | शनिवार, संध्याकाळी ५:१०

४८ आकडे उतरवले. डायरीच्या शेवटच्या पानावर.

१७ई९ आहे. डीकेएमएस म्हणतं, ईव्हीडीआय इन्स्टॉल्ड. मोकयुटिल म्हणतं, सिक्युअर बूट एनेबल्ड. आणि मॉडप्रोबचं उत्तर: कुड नॉट इन्सर्ट ईव्हीडीआय, की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस.

जुनं खोड | शनिवार, संध्याकाळी ५:२५

बरोब्बर. हे वाक्य मिळालं की शोध संपला. डीकेएमएस "इन्स्टॉल्ड" म्हणतंय म्हणजे मॉड्यूल नीट बनलंय. तिथे नुसतं "अ‍ॅडेड" दिसलं असतं तर गोष्ट वेगळी: मग कर्नल नवा आणि ड्रायव्हरचा कोड जुना, मॉड्यूल बनतच नाही, आणि सिक्युअर बूट चालू ठेवा की बंद, काडीचा फरक पडत नाही. लोक ह्या दोन आजारांची गल्लत करतात आणि भलतंच औषध घेतात.

आता सांगा, रीस्टार्ट केल्यावर निळ्या रंगाची, जुन्या जमान्यातली वाटेल अशी स्क्रीन आली होती का? वर "प्रेस एनी की टू परफॉर्म मोक मॅनेजमेंट" असं? (मोक म्हणजे मशीनमालकाची चावी.)

दोनपडदे | शनिवार, संध्याकाळी ५:३३

नाही. थेट लॉगिन आलं. म्हणजे... मी लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून डॉकवरच काम करायचा प्रयत्न करत होतो. काळ्या मॉनिटरकडे बघत बसलो होतो, मग थोड्या वेळाने झाकण उघडलं तेव्हा लॉगिन होतं.

जुनं खोड | शनिवार, संध्याकाळी ५:४१

धन्य आहात.

ती स्क्रीन फक्त १० सेकंद थांबते. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर आली, कोणी बटण दाबलं नाही, निघून गेली. झाकणाच्या आत. ती एकदा हुकली की अर्ज नव्याने करावा लागतो. तर आता:

उबुंटूत ती चावी वार-लिबच्या आत शिम-साइन्ड, त्याच्या आत मोक नावाच्या फोल्डरात असते, फाइलचं नाव मोक डॉट डर. सुडो लावून मोकयुटिल --इंपोर्ट आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्या. पासवर्ड मागेल. हा तुमचा लॉगिनचा पासवर्ड नव्हे. आत्ता अर्ज करणारा आणि रीस्टार्टनंतर समोर बसलेला माणूस एकच आहे, एवढ्याच खात्रीसाठी तो एकदा विचारतात, नंतर तो कामाचा नाही. फक्त साधी छोटी अक्षरं वापरा, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं भलत्या बटणांवर जाऊ शकतात.

मग झाकण उघडं ठेवून रीस्टार्ट. डॉक काढून ठेवा, लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरा. निळी स्क्रीन आली की कुठलंही बटण दाबा, मग "एनरोल मोक", "कंटिन्यू", "येस", पासवर्ड, रीबूट. पहिल्याच ओळीत "कंटिन्यू बूट" असतं, सवयीने त्यावर एंटर मारलात की पुन्हा पहिल्यापासून.

सफरचंदी | शनिवार, रात्री ८:१५

धाग्यात घुसतेय, पण लक्षणं हुबेहूब तीच. माझ्याकडे एम२ चिपचा मॅकबुक. मूळ एम२ बाहेरचा एकच मॉनिटर घेतो, दोन हवे होते म्हणून असाच डॉक आणला. चार्जिंग होतंय, मॉनिटर काळे. ड्रायव्हरचं अ‍ॅप टाकलंय, चालू आहे. मॅकमध्ये सिक्युअर बूट कुठे बंद करायचं?

कुंपणावरचा | शनिवार, रात्री ८:२०

मी गप्प बसतोय.

सावकाश | शनिवार, रात्री ८:५२

सफरचंदी, काही बंद करू नका. मॅकवर ह्या ड्रायव्हरसाठी कर्नलला हातच लावावा लागत नाही. मॅकच्या हायसिएरा आवृत्तीपासून (२०१७) बाहेरच्या कर्नल एक्सटेन्शनला वापरणाऱ्याची परवानगी लागायला लागली, आणि हल्लीच्या एम चिपवाल्या मॅकमध्ये तसं एक्सटेन्शन टाकायचं तर रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. जुन्या लेखांत तेच सांगितलेलं सापडेल, आणि तेच वाचून लोक नसता उपद्व्याप करतात. आताचं अ‍ॅप साध्या अ‍ॅपसारखं चालतं.

तुमच्याकडे दोन दारं आहेत.

पहिलं: व्हेंच्युरा (२०२२) पासून एम चिपवाल्या लॅपटॉपला नवं यूएसबी उपकरण लावलं की मॅक विचारतो, ह्याला जोडू देऊ का? परवानगी मिळेपर्यंत डेटा बंद, पण चार्जिंग चालूच राहतं. म्हणून "चार्ज होतंय म्हणजे डॉक जोडला गेलाय" असं वाटतं आणि आपण फसतो. साध्या मॉनिटरला ही अट लागू नाही, डॉकला आहे. झाकण बंद ठेवून डॉक लावला असेल तर तो प्रश्न झाकणाआडच विचारला गेला.

दुसरं: परवानगी दिली तरी अ‍ॅपला स्क्रीन रेकॉर्डिंगची मुभा लागते. कॅटलिना (२०१९) पासून स्क्रीनवरचं चित्र उचलायचं तर प्रत्येक अ‍ॅपला ती मागावी लागते. हे अ‍ॅप तेच करतं: चित्र उचलून डॉकला पाठवतं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात स्क्रीन अँड सिस्टिम ऑडिओ रेकॉर्डिंग. तिथे त्या अ‍ॅपचं बटण चालू करा, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा.

सफरचंदी | शनिवार, रात्री ९:२०

झाकण बंदच होतं! उघडलं, डॉक काढून लावला, प्रश्न आला, अलाउ केलं. रेकॉर्डिंगच्या यादीत मात्र अ‍ॅपचं बटण आधीपासूनच चालू आहे. तरी काळं.

सावकाश | शनिवार, रात्री ९:३१

अ‍ॅप मध्ये कधी अपडेट झालं का? कधी कधी यादीतली जुनी नोंद नुसती दिसायला उरते. बटण चालू दिसतं, परवानगी प्रत्यक्षात नसते. बंद-चालू करून उपयोग होत नाही. ते नाव निवडून खालच्या वजाबाकीच्या चिन्हाने काढून टाका, मग अधिकच्या चिन्हाने अ‍ॅप नव्याने घाला.

सफरचंदी | शनिवार, रात्री ९:४४

आले!! दोन्ही आले. सावकाश, तुमचे उपकार.

पण आता मॅक लॉक केला की "युअर स्क्रीन इज बीइंग ऑब्झर्व्हड" असं येतंय. कोणी पाळत ठेवतंय की काय?

सावकाश | शनिवार, रात्री ९:५८

ठेवतंय, तुमचाच डॉक. वापरणाऱ्याला स्क्रीन दाखवणं आणि चोरट्याला स्क्रीन दाखवणं, दोन्हीत प्रोग्राम तेच करतो: चित्र उचलतो आणि बाहेर पाठवतो. सिस्टिमला हेतू कळत नाही, ती फक्त कृती सांगते. तो संदेश जायचा नाही. सिक्वोया (२०२४) असेल तर अधूनमधून "ह्या अ‍ॅपला अजून परवानगी द्यायची का" असंही विचारेल, तेव्हा कंटाळून नाही म्हणू नका.

आणखी एक, आधीच सांगतो, नाहीतर उद्या परत याल: ह्या मॉनिटरवर संरक्षित चित्रपट-मालिका काळ्या दिसतील. कारण वरचंच. चित्र उचललं जातंय, म्हणून सेवा ते द्यायला तयार नाही. ते लॅपटॉपच्या पडद्यावर किंवा थेट एचडीएमआयवर बघा.

जुनं खोड | शनिवार, रात्री १०:१०

सावकाश, "हेतू कळत नाही, कृती सांगते" हे लाखातलं बोललात. ईव्हीडीआयचंही तेच आहे. कर्नलात शिरणाऱ्या मॉड्यूलचा स्वभाव चांगला की वाईट हे कर्नल तपासत नाही, त्याला तपासता येतही नाही. सही कोणाची एवढंच तो बघतो.

पाचवी खिडकी | रविवार, सकाळी ७:५०

विंडोजवाल्यांनाही ह्या पंगतीत घ्या. खणात एक जुना यूएसबी ते व्हीजीए अडॅप्टर पडला होता, तिसरा मॉनिटर लावावा म्हटलं. सोबतचा ड्रायव्हर टाकला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि विंडोज सिक्युरिटी म्हणते, मेमरी इंटिग्रिटी चालू होऊ शकत नाही, विसंगत ड्रायव्हर आहे. आता दोन्हीकडून गेलो: अडॅप्टर चालत नाही आणि सुरक्षाही बंद.

निळीशाई | रविवार, सकाळी ८:३७

माझा रविवार ह्यातच गेला होता, म्हणून सांगते. मेमरी इंटिग्रिटी ही कोअर आयसोलेशनमधली सोय. कर्नलमध्ये काय चालू द्यायचं ह्याची तपासणी ती हायपरव्हायझरच्या (कर्नलच्याही खालच्या थराच्या) आड बसून करते, म्हणजे कर्नल फितूर झाला तरी तपासनीस शाबूत. विंडोज ११ नव्याने टाकलं की बहुतेक मशीनवर ती चालूच असते. जुने ड्रायव्हर मेमरीचा एकच तुकडा लिहिण्याजोगा आणि चालवण्याजोगा असा दोन्ही ठेवतात. ह्या नियमात ते बसत नाही.

त्याच पानावर विसंगत ड्रायव्हरची यादी बघा. प्रत्येकाखाली ओईएम आणि आकडा, पुढे डॉट आयएनएफ असं प्रकाशित नाव असतं. ते लिहून घ्या. अडॅप्टर काढा, अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर आणि पुढे ते नाव. रीस्टार्ट करा, मेमरी इंटिग्रिटी चालू करा. नाव मात्र दोनदा तपासा, चुकून दुसऱ्याच कशाचा ड्रायव्हर उडवाल.

मग अडॅप्टरमधली चिप कुठली ते शोधून तिचा विंडोज १० किंवा ११ साठीचा ड्रायव्हर मिळतो का पाहा. विंडोज १० च्या २०१६ सालच्या १६०७ आवृत्तीपासून यूएसबी मॉनिटरसाठी वेगळी चौकट आली, इनडायरेक्ट डिस्प्ले म्हणतात तिला. तिच्यातला ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतो, त्यामुळे तो मेमरी इंटिग्रिटीच्या वाटेला सहसा जात नाही. माझ्या चिपसाठी नवा ड्रायव्हर निघालाच नव्हता, म्हणून मी तो अडॅप्टर सरळ टाकून दिला. जीव जळला, पण दिला.

पाचवी खिडकी | रविवार, सकाळी ११:०५

यादीत ओईएम ४१ निघाला. उडवला. मेमरी इंटिग्रिटी चालू झाली. चिपचा नवा ड्रायव्हर नाही मिळाला. अडॅप्टर परत खणात. टाकवत नाही.

आडवाटेचा | रविवार, सकाळी ११:३०

सगळे एका सुरात "बंद करू नका, बंद करू नका" म्हणताय. मला सांगा, सिक्युअर बूट घरच्या माणसाला नक्की कशापासून वाचवतं? २०२३ साली ब्लॅकलोटस नावाच्या बूटकिटने (सिस्टिमच्या आधीच सुरू होणाऱ्या घातक प्रोग्रामने) चालू असलेलं सिक्युअर बूट ओलांडलंच ना? आणि खोडकाका ज्या चावीची ओळख करून द्यायला सांगतायत, तिचा खाजगी भाग त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरात पडलेला असतो. रूट, म्हणजे मशीनवरचे पूर्ण अधिकार, मिळवलेला चोर त्या चावीने स्वतःच्या मॉड्यूलवर सही करेल आणि दिमाखात आत जाईल. कुलूप दाराला, किल्ली पायपुसण्याखाली. हलके घ्या, पण मुद्दा आहे.

जुनं खोड | रविवार, दुपारी १२:४०

मुद्दा आहेच, आणि मी तो झाकणार नाही. ब्लॅकलोटस जुन्या, सही असलेल्या पण भोक असलेल्या बूटलोडरच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) जोरावर घुसलं. सही वैध होती, माल सडका होता. आणि रूट मिळालेल्या चोरापुढे आपली मोकची चावी उघडीच आहे हेही खरं. ज्याला जास्त काळजी आहे त्याने खाजगी भाग दुसऱ्या ठिकाणी ठेवून प्रत्येक नव्या कर्नलच्या वेळी मॉड्यूलवर हाताने सही करावी. मी करत नाही, आळशी आहे.

पण दोन गोष्टी. एक, उबुंटू जी चावी बनवतं ती फक्त मॉड्यूलपुरती असते. तशी खूणच तिच्या प्रमाणपत्रात असते, तिने बूटलोडरवर सही केली तर शिम (उबुंटूचा पहिला, छोटा बूटलोडर) ते मानत नाही. म्हणजे चोर रूटपर्यंत आला तरी बूटच्या मुळाशी ह्या चावीने बसू शकत नाही. दोन, दोनपडद्यांच्या घरात प्रश्न तत्त्वाचा नव्हताच. त्यांचं विंडोज त्या मोजमापावर अडलं होतं. तुमच्या मशीनवर नुसतं लिनक्स असेल, डिस्क वेगळी एन्क्रिप्ट केली असेल, तर बंद ठेवा, मी भांडायला येणार नाही.

आडवाटेचा | रविवार, दुपारी १२:५२

भांडायला आलात तरी चालेल. मॉड्यूलपुरती खूण माहीत नव्हती, तेवढं मागे घेतो. पायपुसण्याचं मागे घेत नाही.

कार्यालयीन | रविवार, दुपारी ४:१८

ऑफिसच्या मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगचं बटणच राखाडी आहे, दाबता येत नाही. काही जुगाड?

सावकाश | रविवार, दुपारी ४:४०

जुगाड नाही, आणि असता तरी ऑफिसच्या मशीनवर करू नका. तुमचं खातं अ‍ॅडमिन नसणार. गंमत अशी की ही एक परवानगी आयटीवाले दुरून परस्पर देऊ शकत नाहीत, समोर बसलेल्यानेच द्यावी लागते. पण अ‍ॅडमिन नसलेल्या माणसाला ते बटण दाबू द्यावं असं धोरण ते मशीनवर पाठवू शकतात. बिग सरपासून ती सोय आहे. त्यांना "परवानगी द्या" असं लिहू नका, "साध्या वापरकर्त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी देऊ देणारं प्रोफाइल पाठवा" असं लिहा. पहिल्याचं उत्तर "जमत नाही" येतं, दुसऱ्याचं "बघतो".

निळीशाई | रविवार, संध्याकाळी ५:०५

रच्याकने (जाता जाता), उलट लक्षण असेल तर? मैत्रिणीच्या थंडरबोल्ट ३ डॉकवर मॉनिटर झकास चालतात पण डॉकचे यूएसबी आणि नेट मेलेले. तीही लिनक्सवर.

जुनं खोड | रविवार, संध्याकाळी ५:२२

ते तिसरंच कुलूप. त्या डॉकचे यूएसबी आणि नेट पीसीआय एक्सप्रेसवरून (मशीनच्या आतल्या जलद रस्त्यावरून) जातात, आणि तिथून थेट मेमरीत हात घालता येतो, म्हणून मंजुरीशिवाय तो रस्ता उघडत नाही. चित्राचा रस्ता वेगळा, त्याला मंजुरी लागत नाही. बोल्टसीटीएल लिस्ट चालवायला सांगा. डॉकपुढे ऑथोराइज्ड दिसत नसेल तर बोल्टसीटीएल एनरोल आणि पुढे डॉकचा लांबलचक ओळखक्रमांक. एकदाच करावं लागतं.

दोनपडदे | रविवार, रात्री ९:०८

तोंड दाखवायला उशीर झाला, कारण सांगतो. काल रात्री झाकण उघडं ठेवून सगळं केलं. निळी स्क्रीन आली. मी इतका खूश झालो की पहिल्याच ओळीवर एंटर मारला. कंटिन्यू बूट.

जुनं खोड | रविवार, रात्री ९:११

सांगितलं होतं.

दोनपडदे | रविवार, रात्री ९:१९

सांगितलं होतंत.

आज पुन्हा इंपोर्ट, पुन्हा रीस्टार्ट. ह्या वेळी बाण खाली, एनरोल मोक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. लॉगिन झाल्यावर मोकयुटिल --टेस्ट-की आणि त्या फाइलचा मार्ग दिला तर म्हणालं, ऑलरेडी एनरोल्ड. मॉडप्रोबने एक शब्दही काढला नाही. डॉक लावला, दोन सेकंद काहीच नाही, मग दोन्ही मॉनिटर आले. सिक्युअर बूट चालू. विंडोजही उघडून पाहिलं, ४८ आकडे मागितले नाहीत.

एकच शंका. चावी नोंदवल्यामुळे पुढे कधी बिटलॉकर बिथरणार नाही ना?

जुनं खोड | रविवार, रात्री ९:३५

अभिनंदन. ही चावी शिमच्या स्वतःच्या यादीत जाते, बायोसमधल्या सिक्युअर बूटच्या मूळ यादीला धक्का लागत नाही. फक्त विंडोज ग्रबच्या (उबुंटूच्या बूटलोडरच्या) मेनूतून न लावता बायोसच्या बूट मेनूतून थेट लावत जा, म्हणजे मध्ये शिम येतच नाही. आणि बायोस अपडेट करायचं असेल तर आधी विंडोजमध्ये बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

नवा कर्नल आला की डीकेएमएस मॉड्यूल पुन्हा बनवेल आणि त्याच चावीने सही करेल, तुम्हाला काही करायला नको. मॉनिटर गेलेच तर आधी डीकेएमएस स्टेटस, मग मॉडप्रोबचं वाक्य. बायोसकडे सर्वांत शेवटी.

दोनपडदे | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२२

नोंदीसाठी: आज उबुंटूचा कर्नल अपडेट आला. झाकण उघडं ठेवून रीस्टार्ट केलं, दहा सेकंद बटणावर बोट धरून बसलो. निळी स्क्रीन आलीच नाही. मॉनिटर आले.

डॉकचं खोकं माळ्यावर टाकलं.